वेगळा तवा

गावाकडच्या बऱ्याच घरांत तवे दोन असतात. एक भाकरीचा. दुसरा कडेला तडा गेलेला, मधोमध खोल झालेला, परसात चुलीमागे टेकवून ठेवलेला. त्याच्यावर भाकरी कधी पडत नाही. नव्या सुनेनं चुकून तो उचललाच, तर सासू आतून ओरडते, "अगं, तो नको, मशेरीचा हाय तो!" सून एकदाच शिकते.

त्या तव्यावर तंबाखूचं पान भाजतात. काळं होईपर्यंत भाजायचं, कुटायचं, चाळायचं आणि डबीत भरायचं. सकाळी उठलं की बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना लावायची. देशावर तिला मिश्री किंवा मिसरी म्हणतात, कोकणात मशेरी. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड हा तिचा मुलूख. आणि या जिल्ह्यांतली माणसं पोटासाठी जिथं गेली त्या मुंबईच्या चाळी आणि झोपडपट्ट्याही. करणारी बाई आणि लावणारीही बहुतेक करून बाईच.

तंबाखूवर आपल्याकडे लिहिलं जातं ते गुटख्याविषयी, सिगारेटविषयी, फार तर विडीविषयी. कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून पुरुषाच्या खिशात जाणारी ती तंबाखू. घरात बाईच्या हातानं तयार होणारी तंबाखू त्या चर्चेत येतच नाही, कारण ती पापड, कुरडया, मेतकूट यांच्या पंगतीला जाऊन बसली आहे. ते घरकाम झालं. आणि घरकामाची मोजदाद करायची सवय ना सरकारला आहे, ना घरच्या माणसांना. मिश्री इतकी वर्षं टिकली त्यामागे निकोटिन तर आहेच, पण माझ्या मते निम्मं कारण हे आहे.

पान येतं आठवडी बाजारातून. तंबाखूवाला भाजीच्या गर्दीत बसत नाही. बाजाराच्या टोकाला, दावी-दोरखंड आणि बियाणं विकणाऱ्यांच्या आसपास त्याचं गोणपाट पसरलेलं असतं. पानांच्या थप्प्या, शेजारी तराजू, आणि एक पाण्याचा तांब्या. मधूनच तो पानांवर पाण्याचा हबका मारतो. पान कडक होऊन चुरू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. वजन वाढावं म्हणून, असं गिऱ्हाइकाचं. दोन्ही खरं असावं. घेणाऱ्या बायका पान नुसतं बघून घेत नाहीत. कोपरा मोडतात, नाकाशी धरतात, कणभर जिभेच्या टोकाला लावून लगेच थुंकतात आणि मग भावावर येतात. जाड, काळपट, हाताला चिकट लागणारं पान मिश्रीला चालतं. पुरुषांना चुन्याबरोबर मळायला पिवळसर, पातळ लागतं, असं एका तंबाखूवाल्यानं मला समजावून सांगितलं. "बायकांला फसवता येत न्हाई," हेही त्यानंच सांगितलं. "बाप्या पुडीवरचं चित्र बघून घेतो. बाई पान बघून."

पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर मिश्री भाजताना मी पाहिली ती भर दुपारी. बाप्ये रानात गेलेले, नातवंडं अंगणापल्याड पिटाळलेली. साठी उलटलेल्या आजी आधी परसात येऊन उभ्या राहिल्या, वारा कुठून येतोय ते गालावर घेतलं आणि चूल त्या अंदाजानं मांडली. धूर घरात शिरता कामा नये आणि शेजारच्या दारातही जाता कामा नये. पानं सकाळपासून पत्र्यावर उन्हात टाकलेली होती. एकेक उचलून त्यांनी नखानं मधला देठ ओढून काढला. देठ राहिला तर नीट भाजत नाही आणि पुढं हिरडीला टोचतो.

तवा तापला तशी पानांचा एक झुपका त्यावर आला आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा बोळा करून त्यानं आजी तो दाबू लागल्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कडेनं निळसर धूर निघाला. लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, हा सरळ घशात गेला. मी ठसकत मागे झालो. आजींनी पदर नाकाला लावला होता, पण दोन्ही हात कामात असल्यामुळे तो सारखा घसरत होता आणि त्या तो दातात धरत होत्या. पान तपकिरी झालं, मग तांबूस काळं, मग नुसतं काळं. इथं खरी कसोटी असते. पान पेटता कामा नये. एका बाजूनं ठिणगी दिसली तशी आजींनी तवा झटक्यात खाली घेतला आणि वर ताटली पालथी घातली.

"लाल ठिवली तर डोकं फिरतंय, वकारी येती," त्या म्हणाल्या. "जळाली तर राख. मग चुलीतली राखच लावावी की! मधली पायजे."

या 'मधली'ला कुठलंच माप नाही. ते डोळ्यांनी आणि वासानं कळतं. प्रत्येक घरची मिश्री त्यामुळे निराळी लागते, आणि गावात नावं ठरलेली असतात. अमकीच्या हातची कडक, तमकीची सौम्य, तिसरीची नुसती धूळ. गार झाल्यावर पान मुठीतच चुरतं. मग दगडी खलात कुटायचं आणि जुन्या तलम कापडातून गाळून घ्यायचं. कापडावर उरलेल्या शिरा पुन्हा तव्यावर. मसाल्याचा पाटा-वरवंटा याला कुणी वापरत नाही. तव्यासारखीच इथंही सोवळ्या-ओवळ्याची एक रेघ आहे. शेवटी राहते ती काळीभोर, बोटाला मऊ लागणारी भुकटी. ती औषधाच्या किंवा पावडरीच्या जुन्या डबीत जाते. घरात लावणाऱ्या तिघी असल्या तर महिन्यातून दोनदा तरी तवा चढतो. शेजारीण वाटी घेऊन आली तर साखर हवी असते, रिकामी डबी घेऊन आली तर मिश्री. साखर परत करायची असते. मिश्रीचा हिशेब कुणी ठेवत नाही.

चहाच्या आधी, तोंड धुण्याच्या आधी, चुलीवर पाणी चढवलं की बाई मोरीपाशी किंवा मागच्या उंबऱ्यावर टेकते. डबीतून चिमूटभर तळहातावर, मग बोटावर, मग दातांवर. बोट सावकाश फिरत राहतं. पुढचे दात, दाढा, हिरडीची आतली बाजू. मग थोडा वेळ ती नुसती बसून असते. या वेळात तिच्याशी कुणी बोलत नाही, कारण तिला बोलता येत नाही. दूधवाला आला तर ती हातानं खूण करते. नवऱ्यानं काही विचारलं तर मान हलवते. अनेक बायांनी वेगवेगळ्या शब्दांत मला जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की दिवसभरात 'थांब जरा' म्हणायची मुभा त्यांना तेवढीच. एक जण हसून म्हणाली, "तोंडात मिश्री आसली की सासूबी गप बसती. तिच्या तोंडातबी तीच आसती."

घरोघर संडास नव्हते तेव्हा पहाटेच्या अंधारात बायका मिळून बाहेर जायच्या, तेव्हाही तोंडात मिश्री असायची. गावातल्या बातम्या, माहेरची खबर, सुनेच्या तक्रारी, सगळं त्या वाटेवर. आता संडास घरात आले, ती वाट मोडली, मिश्री मागे राहिली. दिवसातून एकदा लावणारीही क्वचितच. जेवण झालं की एकदा, दुपारी भांडी घासल्यावर, निजताना. भातलावणीत कंबर मोडली की बांधावर बसून एकदा.

"तंबाखू खाता का?" असं विचारलं तर यांतली प्रत्येक जण नाही म्हणेल, आणि तिच्या मते ते खोटं नाही. "तंबाखू? छे ओ! आमी नुसती मिश्री लावतो." एकादशीला चालते का, विचारलं तर उलट प्रश्न येतो, "त्यात काय खायाचं हाय?" दात घासणं हे सत्कृत्य आहे, आणि मिश्री दात घासण्याच्या वेळेला, दात घासण्याच्या जागी, त्याच बोटानं लावली जाते. विडी ओढणारी बाई गावात नावं ठेवून घेते. मिश्री लावणाऱ्या बाईला कुणी काही बोलत नाही.

पुरुषांची गोष्ट निराळी, आणि सगळ्यांना ठाऊक असलेली. चंची किंवा पुडी, चुन्याची डबी, तळहातावर अंगठा, दोन थापा, चिमूट दाढेखाली. चुना चवीसाठी घालतात असं खाणारे सांगतात. खरं काम त्याचं वेगळं आहे. चुन्याच्या अल्कधर्मामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या त्वचेतून झपाट्यानं रक्तात उतरतं. विदर्भातला खर्रा याच कामाचा पुढचा अवतार: सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात घालून टपरीवाला घोटत बसतो. नगरकडचा मावा त्याच जातीचा. यांत सुपारी आली, आणि सुपारीमुळे तोंड आखडतं, पुढं पुढं घास जाण्याइतकंही उघडत नाही. मिश्रीत ना चुना ना सुपारी. त्यामुळे 'आमचं साधं' असा एक समज तिच्याभोवती आहे.

या साधेपणाची तपासणी झालेली आहे, आणि ती मुंबईतच झाली. वनस्पती अर्धवट जळाली की त्यातून बेंझोपायरिनसारखी संयुगं तयार होतात. विडी-सिगारेटच्या धुरात जी कर्करोगकारक म्हणून ओळखली जातात, तीच ही. तंबाखूची स्वतःची नायट्रोसामाइन्स असतातच, तव्यावर भाजण्यानं त्यांत ही भर पडते. म्हणजे न ओढता, नुसत्या भाजण्यानं धुरातलं विष भुकटीत येऊन बसतं. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. भिडे यांच्या गटानं १९८०च्या दशकात मिश्रीवर प्राण्यांत आणि प्रयोगशाळेत चाचण्या केल्या, त्या याच शंकेतून. पुढं २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी बिनधुराच्या तंबाखूला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. आजींच्या 'मधली'चा अर्थ रसायनशास्त्रात लावायचा तर तो असा: निकोटिन थोडं उडून जावं, सगळं जाऊ नये, आणि पान राख होण्याच्या एक पाऊल आधी थांबावं. नेमक्या याच टप्प्यावर धुरातली संयुगं पानात साचलेली असतात.

मिश्री लावणाऱ्या बाया किती, हे आपल्याला कळलं तेही दातांच्या डॉक्टरांमुळे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासली. १९७२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. टॉर्च, आरसा आणि नोंदवही घेऊन लाखभर माणसांना 'आ करा' म्हणत फिरायचं, या कामाची कल्पना करून बघा. त्यात बायकांमध्ये मिश्रीचं प्रमाण एवढं निघालं की तिला किरकोळ सवय म्हणून सोडून देणं पुढच्या संशोधकांना शक्य राहिलं नाही.

त्याच परंपरेतले डॉ. प्रकाश गुप्ता १९९०च्या दशकात मुंबईत मतदारयाद्या आणि हातात मावणारे छोटे संगणक घेऊन उतरले. पस्तिशीच्या पुढच्या ९९,५९८ मुंबईकरांची माहिती जमली. बायकांपैकी ५७.५ टक्के तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, जवळजवळ सगळ्या बिनधुराची, आणि त्यांत मिश्री आघाडीवर. शंभरातल्या सत्तावन्न. गिरणगावातल्या एका खोलीत दहा माणसं राहायची त्या काळात तवा कुठं चढायचा, हा प्रश्न मला हे आकडे वाचताना पडला. जुन्या चाळीत वाढलेल्या एका काकूंनी उत्तर दिलं. "गच्चीवर. नाहीतर कॉमन गॅलरीच्या टोकाला. एक जण भाजायची, मजलाभर खोकायचा. भांडणं व्हायची, पण ज्यांच्याशी भांडण त्यांच्या घरीही डबी होतीच की."

गरोदरपणाचा अभ्यास त्यानंतरचा. डॉ. गुप्ता आणि डॉ. श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांची बाळंतपणापर्यंत नोंद ठेवली. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली आणि गर्भारपण सरासरी ६.२ दिवसांनी आखूड. २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे छापून आलं. या बायाही बहुतांशी मिश्रीवाल्याच. शंभर ग्रॅम म्हणजे काही विशेष नाही, असं कुणाला वाटेल. धडधाकट बाळाला नसेल. जे मूल मुळातच दोन-सव्वादोन किलोच्या काठावर आहे, त्याला ते शंभर ग्रॅम जड जातात. आणि गंमत अशी, की गरोदर बाई मिश्री वाढवते, कारण मळमळीवर तिला तीच सुचवलेली असते.

उपाय म्हणूनच मिश्री घरात शिरते. दहा-बारा वर्षांच्या मुलीची दाढ ठणकायला लागते, आजी डबीतली चिमूट लावायला सांगते. पहिल्या दिवशी पोरगी ओकते. दुखणं मात्र बधिर होतं. लग्नापर्यंत तिची स्वतःची डबी झालेली असते. 'पोट साफ होतं' हेही सगळ्याच जणी सांगतात आणि त्यात तथ्य आहे: निकोटिन आतड्याला हलवतं. काही वर्षांनी आतडं त्या हलवण्याशिवाय हलेनासं होतं, मग मिश्री सुटली की चार दिवस पोट फुगतं आणि बाई म्हणते, बघा, मला ती लागतेच. भुकेचंही तसंच. निकोटिननं भूक मरते. दोन वेळची भ्रांत असलेल्या घरात, शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या बाबतीत, याला व्यसन म्हणावं की काटकसर? मला ठरवता आलेलं नाही.

तंबाखू आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर, आणि दख्खनला ती दिल्ली-आग्र्याच्या आधी पोचली. अकबराच्या दरबारातला असद बेग १६०४-०५च्या सुमारास विजापूरहून परतताना तंबाखू आणि ओढायची नळी घेऊन गेला. बादशहानं दोन-चार झुरके घेतले, हकीम नाराज झाला, अशी हकीकत त्यानंच लिहून ठेवली आहे. म्हणजे या पानाशी आपला संबंध किमान चारशे वर्षांचा. इतिहासात दिसतो तो हुक्का, आणि तपकिरीच्या डब्या. चुलीमागच्या तव्याची बखर कुणी लिहिली नाही.

पानावर मात्र राज्यकर्त्यांचं लक्ष कायम. १९४३ साली इंग्रज सरकारनं कच्च्या तंबाखूवर अबकारी कर बसवला. त्यानंतर तंबाखू लावणाऱ्या शेतकऱ्याच्या दारात सरकारी माणूस येऊन उभा राहू लागला. किती लावली, किती निघाली, कुठं ठेवली, कुणाला विकली, सगळ्याची नोंद. स्वातंत्र्य आलं, कर राहिला. १९७९च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चरणसिंगांनी कच्च्या पानावरचा हा कर काढला. त्यानंतर दोनच वर्षांनी निपाणी पेटली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचं हे मराठीबहुल गाव विडी-तंबाखूची मोठी पेठ. वखारी व्यापाऱ्यांच्या आणि भावही व्यापाऱ्यांचे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी मार्च १९८१मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर बायकापोरांसह ठाण मांडून बसले, आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांच्या संघटनाही त्याच गावात उभ्या राहिल्या. त्या बायका दिवसभर तंबाखूची धूळ श्वासात घेत आणि घरी जाऊन मिश्री लावत, हे तिथली म्हातारी माणसं आजही सांगतात. पान शेतात होतं, वखारीत होतं तोवर ते सरकारला, व्यापाऱ्याला, पुढाऱ्याला, पोलिसाला दिसत होतं. पावशेराच्या पुडक्यातून घरात गेलं की कुणालाच दिसेनासं झालं.

कायद्याचंही तसंच झालं, आणि इथं मला सरकारला सरसकट दोष देता येत नाही, कारण प्रयत्न झाले आहेत. केंद्र सरकारनं १९९२ साली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ साली न्यायालयानं बंदी कायम ठेवली. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या परिशिष्टात तंबाखूजन्य पदार्थांची जी यादी आहे, तिच्यात सिगारेट, विडी, गुटखा यांच्याबरोबर 'तंबाखूयुक्त दंतमंजन' स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे मिश्री कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती. २००९पासून पाकिटांवर इशाऱ्याची चित्रं आली, २०१६पासून ती पाकिटाच्या ८५ टक्के भागावर पसरली, २०१८पासून व्यसन सोडायला मदत करणाऱ्या मोफत फोनचा क्रमांक, १८००-११-२३५६, पाकिटावर छापणं सक्तीचं झालं. महाराष्ट्रानं जुलै २०१२मध्ये गुटखा बंद केला. टपऱ्यांवर त्या बंदीचं काय झालं हे सांगायला माझी गरज नाही.

या सगळ्या नियमांना चिकटायला पाकीट लागतं. आजींच्या डबीवर चित्र कुठं छापणार? जुन्या पावडरीच्या डबीवर गुलाबाचं फूल असतं आणि आत मिश्री. त्या मोफत फोनचा क्रमांक ज्या बाईला सगळ्यात जास्त लागेल, तिच्यापर्यंत तो जायला वाटच नाही. आणि मंजनात तंबाखू मिसळून विकणारा कारखाना बंद करता येतो, तवा जप्त करता येत नाही. करूही नये. चुलीपर्यंत इन्स्पेक्टर नेऊन ठेवण्याच्या कल्पनेला माझा ठाम विरोध आहे; कच्च्या तंबाखूच्या अबकारीचे जुने दिवस आठवणाऱ्या शेतकऱ्याला विचारा.

मिश्री सुटते का? सुटते. सोडलेल्या बाया मला भेटल्या आणि त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट सारखी येत राहिली. कॅन्सरच्या भयानं त्यांतल्या फारशा कुणी सोडली नव्हती. एकीनं नातवाचा मुका घेतला, त्यानं 'आज्जे, वास!' म्हणून तोंड फिरवलं, त्या दिवशी डबी परसात फेकली. तिसऱ्या दिवशी शोधून परत आणली, आणि पंधरवड्यानं पुन्हा फेकली ती कायमची. एकीच्या हिरड्या इतक्या सरकल्या की दातांची मुळं दिसायला लागली, डॉक्टरनं पुढचे चार काढले, मग लावायची कशाला? तिसरी शहाणी. तिनं मिश्री एकदम सोडली नाही. आधी दुपारची सोडली, मग रात्रीची. सकाळची शेवटपर्यंत राहिली. तेव्हा तिनं बसायची जागा आणि वेळ तशीच ठेवून हातात साधं मंजन घेतलं. "बसायचं सोडलं न्हाई म्या," ती म्हणाली. व्यसनमुक्तीचं पुस्तक लिहिणाऱ्यानं तिच्याकडे एक दिवस जाऊन बसावं.

डोकेदुखी, चिडचिड, बद्धकोष्ठ, झोप न लागणं हे पहिले आठ-दहा दिवस बहुतेक सगळ्यांना होतं. घरच्यांना ते माहीत नसतं, कारण त्यांच्या लेखी ती काही सोडतच नसते. नवऱ्यानं दारू सोडली तर घर त्याच्याभोवती पायघड्या घालतं. बायकोनं मिश्री सोडली तर 'आज हिला झालंय काय' एवढंच.

तरुण सुना तवा चढवत नाहीत हे खरं आहे. धूर, वास, वेळ यांतलं त्यांना काहीच परवडत नाही आणि गॅसच्या शेगडीवर तर ते जमतच नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू वापरणारे निघाले, त्याआधीच्या २००९-१०च्या पाहणीत ते ३१.४ टक्के होते. उतरण आहे. पण बाजारातला तो तंबाखूवाला मला वेगळंच सांगत होता. पानाचा खप घटला, त्याच्याशेजारी आता भाजलेली तयार मिश्री प्लास्टिकच्या छोट्या पुड्यांत लटकते. नाव नाही, पत्ता नाही, इशारा नाही. कुणीतरी कुठंतरी मोठ्या कढईत भाजतंय. सासूच्या हातची जाऊन तिच्या जागी अनोळखी हातची आली, आणि त्यात काय काय आहे हे आता घरातल्या कुणालाच माहीत नाही. आजींची मिश्री वाईट होती, पण ती कशी झाली हे त्यांना देठापासून ठाऊक होतं. कायद्याला चिकटायला पाकीट हवं होतं ना, हे घ्या पाकीट. इथं मात्र अन्न आणि औषध प्रशासनानं हात लावायला हरकत नाही.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगाच्या धोक्याचा अंदाज घेणारा एक सरकारी फॉर्म आहे. आशाताई तो घरोघर जाऊन भरतात. वय, कमरेचा घेर, दारू, व्यायाम, घरातले आजार, प्रत्येकाला गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. तंबाखूचा प्रश्न दुसऱ्याच क्रमांकावर आहे: धूम्रपान करता का, किंवा गुटखा, खैनी यांसारखे पदार्थ खाता का? कधीच नाही असेल तर शून्य, रोज असेल तर दोन गुण. गुटखा आहे, उत्तरेकडची खैनी आहे. मिश्री नाही. फॉर्म साऱ्या देशासाठी एकच, त्यामुळे कोयनेच्या खोऱ्यातली बाई 'नाही' म्हणते, शून्य पडतो, आणि कागदोपत्री ती निर्व्यसनी होते.

कराडजवळच्या एका आशाताईंनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. फॉर्मवरचा प्रश्न त्या वाचतच नाहीत. आधी चहा घेतात, इकडचं तिकडचं बोलतात, मग म्हणतात, "काकू, तुमची मिश्री घरची का इकतची?" काकू सांगायला लागतात. घरची, दोन वखताला, पान मलकापूरच्या बाजारचं. ताई 'रोज' समोर खूण करतात, दोन गुण मांडतात आणि म्हणतात, "बरं, आता जरा उजेडात या आन् तोंड उघडा. मला गालाच्या आतनं बघू द्या."